खटक्याची गाडी

"आला का? अवो, आला का आवाज?"

आई कारखान्याच्या एका टोकाला उभी राहून बोंबलत होती आणि दुसऱ्या टोकाला, उपड्या डब्यावर बसलेले माझे बाबा मान हलवत होते, नाही. दोघांच्या मधे कापड विणणाऱ्या चालू लूमची रांग, म्हणजे कानात कोणी दगडांचा ट्रक रिकामा करतंय असा धडाका. त्या धडाक्यातून मी कमरेला सुतळी बांधून, मागे एक लाकडी गाडी फरफटत, शर्यतीच्या बैलासारखी फेऱ्या मारत होते. गाडीच्या पोटात खटका होता. चाक फिरलं की आसाला ठोकलेली खुंटी एक दांडी उचलायची आणि सोडायची, आणि ती दांडी खालच्या पोकळ लाकडावर फाडकन आपटायची. निदान आपटत असावी. मला तरी काही ऐकू येत नव्हतं. "न्हाय येत म्हणतायत!" आईने सत्तारचाचांच्या कानाशी जाऊन आरोळी दिली. सत्तारचाचांनी कपाळाला हात लावला. "भाभी, इससे जोर का बजेगा तो गाडी नहीं रहेगी, तोप हो जाएगी."

"मग तोप करा!" आई म्हणाली. "पोरांना द्यायचंय. मुकं काय द्यायचं?"

हे समजायला आमचं घर समजलं पाहिजे. भिवंडीत आमचं घर आणि कारखाना यांच्यात एकच भिंत होती, आणि तीही नावाला. कारखान्याचे मालक शेठ कुठेतरी लांब राहायचे. बाबा तिथे जॉबर, म्हणजे बंद पडलेला लूम पुन्हा चालू करणारा माणूस. लूम चालू असले की आमच्या फळीवरची भांडी चालायला लागायची. सकाळी डाव्या टोकाला ठेवलेला तांब्या संध्याकाळी उजव्या टोकाला सापडायचा. दह्याचं भांडं भिंतीला टेकवून ठेवलं की ताक आपोआप व्हायचं, वर लोणीही यायचं, आई फक्त बोटाने काढून घ्यायची. कोणाला खोटं वाटलं तर वाटो. पाहुणे जेवायला बसले की ताट त्यांच्याकडून हळूहळू माझ्याकडे सरकायचं, आणि त्यांच्या ताटातला बोंबील मी अशा रीतीने कितीतरी वेळा खाल्ला आहे. त्यात माझा दोष नाही, भिंतीचा आहे.

आम्ही सगळे ओरडून बोलायचो. प्रेमाने ओरडायचो, रागाने ओरडायचो, गुपितंही ओरडूनच सांगायचो. त्यामुळे आमच्या गल्लीत कुणाचं गुपित असं नव्हतंच. कारखान्यात तर ओरडूनही भागायचं नाही, तिथे हातांची भाषा होती. मूठ कानाशी नेली की शेठ आलाय, दोन बोटं ओठांवर ठेवली की चहा, पोटावर थाप मारली की भाकरीची वेळ. बाबांचे कान तरुणपणीच त्या धडाक्याने खाल्ले होते, म्हणून ते घरीही हातांनीच बोलायचे. आई मात्र माघार घेणारी नव्हती. तिचा आवाज कशेळीच्या खाडीपलीकडून ठाण्यात ऐकू जायचा आणि तिकडून लोक ओ द्यायचे, असं माझी आत्या सांगायची. आत्या खोटं बोलायची, पण थोडंच.

शुक्रवारी लूम बंद असायचे. सगळ्या भिवंडीत एकदम शांतता पडायची आणि गल्लीतली तान्ही पोरं दचकून रडायला लागायची. म्हातारे म्हणायचे, छातीत कसंतरी होतंय. आई त्या दिवशी मुद्दाम पाट्यावर मोठ्याने वाटण वाटायची, खाडीतल्या निवट्यांचं कालवण करायची, तांदळाची भाकरी थापताना एरवीपेक्षा जोरात थापायची, म्हणजे घरात काहीतरी वाजत राहील. आमच्याकडे वाजणारी वस्तू म्हणजे चालू वस्तू. गप्प झाली ती बिघडली, आणि बिघडली म्हणजे मजुरी बुडाली. हे कोणी आम्हाला शिकवलं नव्हतं. भाकरीबरोबर पोटात गेलं होतं. माझ्या नातवाने हल्ली मला कानात घालायचं यंत्र आणून दिलंय. मी ते डबीत ठेवते. त्यातून लोक काय बोलतात ते ऐकू येतं, आणि ते ऐकण्यासारखं नसतं.

तर सोनीबाई. पडघ्याच्या वर डोंगरात एक पाडा आहे, तिथल्या बालवाडीत ती पोरं सांभाळायची आणि पावसाळ्यात कंटोळी घेऊन भिवंडीच्या बाजारात बसायची. हडकुळी, काळीभोर, हळू बोलणारी. इतकी हळू की आई तिच्यासमोर उकिडवी बसायची आणि तिच्या ओठांकडे बघत भाव करायची. अशाच एका सौद्यात सोनीबाईने सांगितलं की बालवाडी जाणार.

"कुठं जाणार?" आईने विचारलं. अख्ख्या बाजाराने मान वळवली.

"खालच्या गावात. मोठ्या बाई आल्या व्हत्या बघाया. खोलीत येक बी पोर न्हाय. खिचडीला येतात, वाटी घेतात, न् आयसंगं शेतावर पळतात. बसतील कशाला? खोलीत हाय काय, येक पाटी न् येक फळा. बाई बोलल्या, आता भात कापायच्या टायमाला परत येईन. तवा बी पोरं न्हाय दिसली का बालवाडी खाली न्यायची."

"मग खाली जातील पोरं."

"मधी ओहळ हाय, ताई. तीन वर्साचं पोर कसं जाईल? बालवाडी गेली का खिचडी गेली." सोनीबाईने कंटोळ्यांवर पाणी शिंपडलं. "माझं काय, मी भाजी इकीन."

आई घरी आली ती पेटूनच. हातातली पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने ठरवून टाकलं होतं की पाड्यावरच्या पोरांना खोलीत बांधून ठेवतील अशी खेळणी करायची. कारखान्यातले काही लूम शेठनी विकले होते, त्यामुळे मागची फरशी मोकळी होती, आणि कोपऱ्यात मोडक्या लाकडाचा डोंगर होता: विणताना सूत इकडून तिकडे नेणारे पण आता झिजलेले धोटे, सूत गुंडाळायच्या फुटक्या कांड्या, लूममधल्या दांड्या. शेठना विचारायला बाबा गेले. बाबांनी हातांनी विचारलं, शेठना काही कळलं नाही, म्हणून ते हो म्हणाले.

मग रोज दिवसपाळी सुटली की त्या फरशीवर मेळा भरायचा. कांड्या भरणाऱ्या बायका यायच्या, जेवणाचा डबा तसाच हातात. रात्रपाळीचे मजूर पाळीच्या आधी थोडा हात लावून जायचे. सत्तारचाचा त्यात खरे कारागीर. गावाकडे त्यांचे आजोबा पलंगाचे पाय कातायचे, इथे ते धोटे दुरुस्त करायचे, आणि त्यांनी रंधा फिरवला की लाकडाची सालपटं अशी लांबलचक निघायची की बायका ती केसांत माळायच्या. फुटक्या कांडीचा त्यांनी बैल केला. धोट्याचा मधला खळगा तसाच ठेवून होडी केली, आणि ती बघून आमच्या आगरी बायका इतक्या खूश झाल्या की होड्याच होड्या झाल्या; डोंगरातल्या पोरांना होडी कशाला, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. मी चाकं घासायची. मी अशी घासायची की चाकं गोल नसली तरी लाजून गोल व्हायची. तेलाचा, लाकडाच्या भुशाचा आणि सुकटीच्या चटणीचा मिळून एक वास तिथे दाटलेला असायचा. मला अजून कुठे लाकूड कापलेलं दिसलं की भूक लागते. चहा एका पातेल्यात व्हायचा आणि भांडणंही एकाच पातेल्यात. "ये बैल है के बकरी?" "तुमच्या तोंडासारखा हाय चाचा, ओळखा!" सगळं ओरडून, हातवारे करून, हसून. कोणी कोणाला पैसा दिला नाही, आणि कोणी मागितला असता तर आईने त्याला धोट्यात घालून फेकला असता.

पण आईला टोचत होतं ते हे, की खेळणी गप्प होती. "बैल चालतो, पण बोलत न्हाय. बंद पडल्यासारखा वाटतो." सगळ्यांना पटलं. तेव्हा बाबांनी, लूममधे धोट्याला फटका मारणारी जी दांडी असते तिच्या चालीवर, गाडीच्या पोटात बसणारा तो खटका बनवला. आणि आईने कसोटी ठरवली: लूम चालू असताना बाबांना ऐकू आला पाहिजे. बाबांना आला तर जगात कोणालाही येईल.

खटका रोज बदलला. आधी पातळ लाकूड, मग जाड, मग खाली पोकळ डबी, मग डबीला भोकं. आसावरच्या खुंट्या वाढल्या. सोनीबाई एकदा बघायला आली होती, पण कारखान्याच्या दारातच तिने पदराने कान झाकले, काहीतरी म्हणाली, कोणाला ऐकू आलं नाही, आणि ती पळाली. गाडी वाजतेय की नाही हे तिला कळायचा प्रश्नच नव्हता. शेवटी एका संध्याकाळी मी फेऱ्या मारून जीभ बाहेर काढून उभी होते, चाचा भिंतीला टेकले होते, आणि आईने घसा फाडून विचारलं, "आता? आता आला का?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि मान डोलावली. आला.

काय जल्लोष झाला म्हणून सांगू! बायकांनी फुगड्या घातल्या. चाचांनी रंधा डोक्यावर ठेवून नाचून दाखवलं. मग तसेच खटके सगळ्या गाड्यांना बसवले.

भात पिवळं झालं तेव्हा आम्ही निघालो. टेम्पोत खेळण्यांची पोती, त्यांत सुताचा कचरा ठासून भरलेला, म्हणजे वाटेत काही मोडायला नको. त्यामुळे झालं काय, की सगळ्या रस्त्यात एकही गाडी वाजली नाही. पडघ्याच्या नाक्यावर आईने टेम्पो थांबवला आणि बालवाडी बघायला येणाऱ्या त्या मोठ्या बाईंना वर घेतलं. आईनेच निरोप धाडला होता: याल तर आमच्यासंगंच या, भरलेली बालवाडी डोळ्यांनी बघा. बाई नीटनेटक्या, कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स. आईने त्यांना पोत्यावर बसवलं आणि पाड्यापर्यंत त्यांच्या कानात शेजारच्या म्हशीबद्दल बोलत राहिली. बाई मधेच डोळे मिटायच्या. मला वाटलं, त्यांना डुलकी येतेय.

पाड्यावर टेम्पोचं इंजिन बंद झालं आणि मी घाबरले. इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. आमचा शुक्रवार तिच्यापुढे बाजारच. लांब कुठेतरी एक पान पडलं आणि मी वळून पाहिलं. सोनीबाईने मात्र कमाल केली होती: खेळणी येणार म्हणून घरोघर फिरून तिने पोरं गोळा केली होती. खोली गच्च भरली होती. शेंबडी, नागडी, धाकट्याला कडेवर घेतलेली, डोळे टेम्पोकडे. मोठ्या बाईंनी भुवया वर केल्या, आणि सोनीबाईने पहिल्यांदा आमच्याकडे बघून ओठ हलवले. ते हसू होतं.

बाबांनी पहिली गाडी जमिनीवर ठेवली. एका पोराने सुतळी ओढली.

आता हा आवाज कसा सांगू. समोरच्या आंब्यावरचे कावळे उडाले ते पुन्हा त्या वर्षी दिसले नाहीत. डबक्यात बसलेली म्हैस उभी राहिली. एका कोंबडीने उभ्याउभ्या अंडं घातलं. हे मी पाहिलं आहे. पोरं क्षणभर दगड झाली, आणि मग सगळी एकदम गाड्यांवर तुटून पडली. खट् खट् खटाखट् फाड्! सगळा डोंगर वाजायला लागला. आई खुशीत ओरडली, "आता कसं! आता चालू झालं!"

पण भात पिकलं की त्या पाड्यावर एक रीत असते. शेतात माचाण बांधून राखणीला बसतात, आणि रानडुकरं आली की तिथला माणूस लाकडावर लाकूड बडवतो. तो ठोका ऐकला की ज्याने ऐकला त्याने हातातलं काम टाकून शेताकडे धावायचं, मग ते कोणाचंही शेत असो. हे आम्हाला कोण सांगणार? आणि आम्ही कधी कोणाला विचारलं?

चारी बाजूंनी माणसं निघाली. कोयते, काठ्या, विळे, एकाच्या हातात तर नुसतं चुलीतलं जळकं लाकूड. "डुकरं! डुकरं आली!" कुत्री पुढे, माणसं मागे, बायका पदर खोचून. पोरांनी आपापले आईबाप धावताना पाहिले, सुतळ्या टाकल्या आणि त्यांच्यामागे शेताकडे धूम ठोकली. सगळी. कडेवरच्यासकट. धूळ खाली बसली तेव्हा बालवाडीत मोठ्या बाई, सोनीबाई, आम्ही भिवंडीकर आणि ती अंडं घातलेली कोंबडी एवढेच उरलो होतो.

"मुलं कुठं आहेत?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"आताच व्हती, बाई," सोनीबाई म्हणाली.

"मागच्या वेळीही हेच सांगितलं होतंत."

सोनीबाई खाली बसली आणि उलटलेल्या गाड्या एकेक करून सरळ करायला लागली. मला तिच्याकडे बघवेना. भाजी विकीन म्हणाली होती ना, तशीच, बाजारात बसल्यासारखी बसली होती.

मग माणसं परत आली, डुकरं न सापडल्यामुळे भडकलेली. पुढे एक म्हातारा, कोयता अजून वर. "भात उभं हाय न् तुमी ठोके वाजवताय? उद्या खरी डुकरं आली तर कोन धावंल? उचला ही लाकडं हितनं!" आईने म्हाताऱ्यावर आवाज चढवला, म्हातारा दोन पावलं मागे गेला, पण तिलाही कळून चुकलं होतं. मग ती बाबांवर फिरली. "तुमीच! तुमीच बोललात ना आवाज आला म्हणून? मान हलवलीत ना?"

बाबांना ओठांवरून कळलं. ते क्वचित तोंडाने बोलायचे, तेव्हा बोलले. "मला कुठं आला? तू दमली होतीस."

आईचं तोंड उघडं राहिलं आणि त्यातून काही निघालं नाही. असं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. सत्तारचाचा जमिनीकडे बघत म्हणाले, "या अल्लाह," आणि हसू दाबताना त्यांचे खांदे हलायला लागले.

बाबांनी खिशातून पेचकस काढला, ओट्यावर मांडी घातली आणि पहिल्या गाडीच्या पोटातला खटका सोडवायला घेतला. बिघडलेल्या लूमसमोर बसायचे तसे, सगळं जग विसरून. थोड्या वेळाने एक पोर आपल्या आईच्या पदराआडून आलं आणि त्यांच्या गुडघ्याशी उभं राहिलं. बाबांनी त्याच्या हातात पेचकस दिला, वर आपला हात ठेवला आणि फिरवला. स्क्रू निघाला. पोराने तो सगळ्यांना दाखवला. झालं! दुसरं आलं, तिसरं आलं, मग रांगेवरून मारामारी सुरू झाली. ज्याला त्याला आपल्या गाडीचं पोट उघडायचं होतं. चाचा दुसरा पेचकस घेऊन बसले, मी गाड्या धरून. खटके निघून ओट्यावर पडत होते, आणि गाड्या सुतळीला बांधून खोलीभर गप्प फिरत होत्या.

म्हातारा उकिडवा बसून सगळं बघत होता. त्याने एक खटका उचलला, उलटासुलटा केला, दांडी बोटाने उचलून सोडली. फाड्! कुत्रं पळालं. "झ्याक हाय," तो म्हणाला. "माचाणावर चालंल. हा मी नेतो." लगेच दुसऱ्यानेही हात पुढे केला, आणि तिसऱ्याच्या बायकोने.

सोनीबाई उठली. तिने ओट्यावरचे सगळे खटके पदरात भरले, गाठ मारली आणि दारात जाऊन उभी राहिली. आवाज तिचा तसाच, हळू. पण तिथे लूम नव्हते. सगळ्यांना ऐकू आलं.

"ज्याचं पोर आत बसंल, त्याला हा ठोका मिळंल. सांजच्याला न्यायचा, सकाळी पोरासंगं परत आणायचा. पोर न्हाय, तर ठोका बी न्हाय."

"आगं सोने, डुकरं काय पोरं बघून येतात?" म्हातारा म्हणाला.

"तुमची नात कुठं हाय, काका?"

म्हाताऱ्याने इकडेतिकडे पाहिलं, तिथल्याच एका झाडामागून एक झिपरं कार्टं ओढून काढलं आणि आत लोटलं. मग ज्यांची पोरं आधीच पेचकसासाठी भांडत होती ते छाती काढून पुढे आले आणि ज्यांची घरी होती ते घराकडे पळाले. सकाळी भरली होती त्याहून खोली आता जास्त भरली. मोठ्या बाईंना बसायला जागा उरली नाही. त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या, कडक साडीला कुसळं चिकटलेली, आणि एका पोराने त्यांच्या पर्सचं बक्कल सोडवायला घेतलं होतं. भात कापून झाल्यावरही पोरं येत राहिली, कारण तोवर त्यांना गाड्या उघडायची आणि पुन्हा जोडायची चटक लागली होती. हे मला पुढे सोनीबाईनेच कंटोळ्यांच्या दिवसांत सांगितलं, मी तिच्या ओठांकडे बघत असताना. होड्यांचं काय केलं ते मी विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही.

परतीच्या वाटेवर आई पुन्हा आईसारखी झाली होती. म्हशीची गोष्ट अर्धी राहिली होती, ती तिने पूर्ण केली. पडघ्याच्या नाक्यावर मोठ्या बाई उतरल्या, पर्स झटकली, पदर सारखा केला. टेम्पो हलला तशी आई मागच्या फळीवरून अर्धी बाहेर वाकली आणि नाक्यावरचे सगळे ट्रकवाले वळून बघतील अशी ओरडली, "बाई! मग बालवाडी ऱ्हायली ना?"

बाई साडीवरचं कुसळ काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "राहिली. पुढच्या वेळी मी एसटीनं येईन."